जळगाव जिल्ह्यातल्या मिशनरी शाळेचा सेवा उपक्रम, पालकाचा रिव्ह्यू

शाळेचं नाव मुद्दाम टाकत नाही, खाली एक तक्रार पण आहे. मुलगी नववीला, आम्ही ख्रिश्चन नाही. ॲडमिशनच्या टायमाला सगळे नातेवाईक एकच विचारायचे की तिथे धर्म शिकवतील का, तर आधी तेच सांगतो. कॅटेकिझमचा म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाचा तास फक्त कॅथलिक पोरांना राहतो, त्यात बायबल, दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा विधी) तयारी वगैरे, आणि त्याच पिरेडला बाकीची पोरं मूल्यशिक्षणाला. घटनेच्या कलम 28 मध्येच आहे की मान्यताप्राप्त शाळेत लहान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. आम्हाला कोणी कधी आग्रह केला नाही.

सेवेचं काम मात्र सगळ्यांना एकत्र आणि मला तेच सगळ्यात आवडलं. भस्म बुधवारपासून कॅथलिकांचा 40 दिवसांचा उपवासकाळ लागतो, प्रार्थना, उपवास आणि दानधर्म यांचा, तो येतो फेब्रुवारी-मार्चात म्हणजे आपल्याकडे ऊन तापायला लागतं तेव्हाच, मग पोरं एसटी स्टँडजवळ पाणपोई चालवतात. रांजण घासणं, भरणं, ओलं गोणपाट गुंडाळणं सगळं पोरंच करतात.

वर्षभर वृद्धाश्रमातही जातात आणि दर वेळी त्याच आजी-आजोबांकडे, हे फार महत्त्वाचं आहे. माझ्या पोरीच्या वाट्याला आलेल्या आजी फक्त अहिराणी बोलतात, ही इंग्लिश मीडियमची, सुरुवातीला नुसती मान हलवायची, आता घरी आली की माझ्या आईजवळ बसून अहिराणी शिकते, कारण पुढच्या वेळी आजींशी बोलायचं राहतं ना.

परत आल्यावर सिस्टर पोरांना गोल बसवतात. कोणाशी बोललात, काय वाईट वाटलं, तुम्हाला काय करता आलं नाही, असं विचारतात आणि वहीत लिहायला लावतात. कॅथलिक पोरं त्यासोबत बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकाचा 25 वा अध्याय वाचतात, भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, आजाऱ्याची भेट, हे जे तुम्ही लहानातल्या लहानासाठी केलं ते माझ्यासाठीच केलं असं येशू म्हणतो तो भाग. दुसऱ्या शाळांत झाडू घेऊन फोटो काढतात आणि विषय संपतो, इथे पोरगी रात्री जेवताना पण त्यावर बोलते.

आता तक्रार. सेवेचे तास कार्डावर भरून सही घ्यायची, वर्षाअखेर सर्टिफिकेट. त्यामुळे काही पालक पोराऐवजी स्वतःच सही आणायला फिरतात, हे बघून खरंच वाईट वाटतं. आणि दहावीला सगळं एकदम बंद, सराव परीक्षा सुरू. त्या आजी वाट बघत बसतील त्याचं काय? निदान आठवीच्या पोरांना सोबत नेऊन ओळख करून द्यावी, महिन्यातून एक रविवार दहावीच्या पोरांनाही जाऊ द्यावं. पालकसभेत मी हे बोललो, प्रिन्सिपल सिस्टरांनी लिहून घेतलंय.

ॲडमिशन घेत असाल तर फी आणि रिझल्टसोबत हेही विचारा की सेवेला पोरं कुठे जातात आणि परत आल्यावर त्यांच्याशी कोण बोलतं.