डोंगरवाटेसाठी सायकलची घंटी: अंगठ्याची की लोलकाची?

रविवारी सकाळी नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पायथ्याला ट्रेकर, गुराखी आणि सायकलवाले एकाच वाटेवर असतात. तिथे अंगठ्याने वाजवायची साधी घंटी अपुरी पडते. उतारावर बोटं ब्रेकवर, लक्ष दगडांवर. वाजवायचं राहूनच जातं. म्हणून ‘टिंबर’ ब्रँडसारखी, आत लोलक लटकणारी घंटी घ्या. गुरांच्या गळ्यातल्या घंटेसारखी ती खडबडीत वाटेवर आपोआप वाजते. खटका सरकवला की लोलक धरला जातो आणि आवाज बंद.

घेण्यापूर्वी हँडलबारची जाडी मोजा: मध्यभागी बहुधा ३१.८ किंवा ३५ मिमी, ग्रिपजवळ २२.२. ब्रेक लिव्हरशेजारी, अंगठा पोचेल अशी बसवा. गिअर बदलताना अडत नाही ना, तेही बघा. रबरी पट्ट्याची घंटी धक्क्यांनी फिरते. खाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की पकड येते, पण स्क्रूचीच जास्त भरवशाची.

पावसाळ्यात काळी चिकणमाती आत बसते, लोलक चिकटतो, आवाज बद्द येतो. पाण्याने धुऊन वाळवा. तेल अजिबात नको, त्यावर धूळ बसते. डांबरावर आणि संथ चढावर ही घंटी जेमतेम वाजते. तिथे वेग कमी करून ‘काका, उजवीकडून येतोय’ असं म्हणावंच लागतं.