आवाजाच्या व्हॉल्व्हवर बोलायला लागून दहा महिने झाले

कर्करोगामुळे माझं पूर्ण स्वरयंत्र काढलं, त्याला आता अकरा महिने होतील. त्यातले दहा महिने मी व्हॉल्व्हवर बोलते आहे. डॉक्टरांच्या भाषेत व्हॉइस प्रोस्थेसिस, म्हणजे स्वरयंत्र गेल्यावर आवाज काढायला आत बसवलेली छोटी झडप. ज्यांच्यापुढे हा निर्णय येऊन ठेपला आहे त्यांना ही वस्तू वापरायला कशी आहे आणि ती बसवणारा, सांभाळणारा माणूस कसा शोधावा, हे दोन्ही कळावं म्हणून लिहिते.

आधी शोधाबद्दल. आवाज बसला तेव्हा अ‍ॅसिडिटी समजून मला दोन महिने गोळ्या दिल्या गेल्या. दुर्बीण घालून कुणी पाहिलंच नाही. याचा राग अजून गेलेला नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्वरतंतू दुर्बिणीने बघून घ्याच.

बायोप्सीनंतर पहिल्या सर्जननी सरळ ऑपरेशनची तारीख दिली. मी दुसरं मत घेतलं, तेही अशा ठिकाणी जिथे हेड अँड नेक सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात. याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. तिथे मी दोनच प्रश्न विचारले: अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता, आणि माझं स्वरयंत्र वाचवता का येणार नाही? दुसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात नुसत्या रेडिएशनवर किंवा तोंडातून लेझर करून भागतं. पुढच्या टप्प्यातही, १९९१ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात केमो आणि रेडिएशन देऊन सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचं स्वरयंत्र वाचलं होतं आणि जगण्याचं प्रमाण ऑपरेशनइतकंच राहिलं होतं. मग माझ्या बाबतीत का नाही? डॉक्टरांनी सीटी स्कॅन पडद्यावर लावला आणि पेनाच्या टोकाने स्वरयंत्राच्या कूर्चेची पांढरी रेघ दाखवली. एका जागी ती तुटलेली होती. गाठ तिथून स्वरयंत्राबाहेर पडली होती. ती रेघ मी स्वतः पाहिली म्हणून सही करताना हात थरथरला नाही.

सगळ्यात उपयोगी पडल्या त्या मात्र स्पीच थेरपिस्ट. त्या ऑपरेशनच्या आधी भेटल्या, हे फार चांगलं झालं. श्वास यापुढे मानेवरच्या भोकातून, म्हणजे स्टोमातून, कसा चालेल ते त्यांनी चित्र काढून समजावलं आणि व्हॉल्व्ह हातात दिला. करंगळीच्या पेराहून लहान, सिलिकॉनचा, मध्ये इवलीशी झडप. तो श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत बसतो. स्टोमा बोटाने झाकून श्वास सोडला की हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिचा वरचा भाग थरथरतो आणि आवाज निघतो. ब्लोम आणि सिंगर यांनी ही पद्धत १९८० साली मांडली. माझा व्हॉल्व्ह ऑपरेशनच्या वेळीच बसवला. काही आठवड्यांनी जखम भरल्यावर पहिल्यांदा बोट ठेवलं आणि 'आ' निघाला. जाड, खरखरीत, पण माझा.

पुढे तीस बैठका रेडिएशनच्या झाल्या. त्या काळात मान सुजली आणि आवाज पार बसला. हे आधी सांगून ठेवलेलं असलं तर धीर सुटत नाही. रेडिएशन सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवायला विसरू नका, आणि नंतर थायरॉइडची रक्ततपासणी ठरावीक काळाने चालू ठेवा.

आता रोजचं. सकाळ-संध्याकाळ आरसा आणि टॉर्च घेऊन छोट्या ब्रशने व्हॉल्व्ह आतून साफ करायचा. सुरुवातीला प्रत्येक वेळी खोकल्याची उबळ यायची. आता दोन मिनिटांत होतं. स्टोमावर हवा दमट ठेवणारा फिल्टर लावते, तो रोज बदलते. नाकाचं काम तोच करतो. तो लावायला लागल्यापासून कफ खूपच कमी झाला.

व्हॉल्व्ह कायमचा नसतो, हे मनाशी पक्कं धरा. त्यावर बुरशी धरते, झडप नीट मिटत नाही आणि पाणी प्यालं की ठसका लागतो. माझा पहिला चौदा आठवडे टिकला, दुसरा जेमतेम सहा. गळती मधून आहे की कडेने, हे रंगीत पाणी पिऊन टॉर्चने बघायला थेरपिस्टनी शिकवलं. मधून असेल तर व्हॉल्व्ह बदलतात. कडेने असेल तर मापच बघावं लागतं. बदलायला भूल लागत नाही, खुर्चीत बसल्या बसल्या होतं.

एकदा रात्री खोकताना तो निसटून बाहेर आला. सुदैवाने रुमालात सापडला. सापडला नसता तर फुप्फुसात गेला का, ते लगेच बघावं लागलं असतं. व्हॉल्व्ह बसतो ते भिंतीतलं भोक काही तासांतच आकसू लागतं, म्हणून थेरपिस्टनी दिलेली रबरी नळी तिथे घातली आणि तशीच दवाखान्यात गेले. व्हॉल्व्ह नाही म्हणजे आवाज नाही, फोन करून बोलणार कशी? तेव्हापासून मोबाइलमध्ये मजकूर लिहूनच ठेवला आहे. 'मी मानेतून श्वास घेते, ऑक्सिजन मानेवर लावा' हे कार्डही पर्समध्ये असतं.

त्रास एकाच गोष्टीचा होतो. आवाज खाली गेल्यामुळे फोनवर सगळे मला 'साहेब' म्हणतात. बाई असून हे ऐकणं पहिले काही महिने फार जड गेलं. आता सुरुवातीलाच नाव सांगते.

वासही गेला होता. तोंड मिटून, आतून जांभई दिल्यासारखी हनुवटी खाली ओढली की नाकात हवा शिरते. त्या सरावाने थोडाफार परत आला.

ज्यांचे हात थरथरतात, नजर अधू आहे किंवा व्हॉल्व्ह बदलणारं माणूस फार लांब आहे, त्यांना मी हा डोळे झाकून घ्या म्हणणार नाही. गळ्याला लावून बोलायचं बॅटरीचं यंत्र त्यांना सोयीचं पडेल. मीही एक जवळ ठेवलं आहे.

सध्याचा व्हॉल्व्ह दहाव्या आठवड्यात आहे. काल रात्री रंगीत पाणी पिऊन टॉर्च मारला. थेंबही आला नाही.