जास्प : आठ महिने, आठ शाळा आणि २४० उत्तरपत्रिका

पीएच.डी.च्या प्रदत्तांचं (गोळा केलेल्या माहितीचं) विश्लेषण मी स्वतः करते म्हटल्यावर गाईड मॅडमनी एकच अट घातली. "कोष्टकातला प्रत्येक आकडा कुठून आला ते व्हायवाला तुलाच सांगता आलं पाहिजे." एम.एड.च्या वेळी मी एक्सेलची फाइल पेनड्राइव्हवर घालून एका सल्लागाराला दिली होती. चार दिवसांनी कोष्टकं तयार, प्रत्येकाखाली 'शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येतो' (म्हणजे 'फरक नाही' हे गृहीतक नाकारलं) हे वाक्यही तयार. परीक्षकांनी विचारलं, "इथे स्वाधीनता मात्रा एवढी कशी?" स्वाधीनता मात्रा म्हणजे, ढोबळपणे, हिशेबात किती स्वतंत्र नोंदी उरतात ती संख्या. मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न मनात राहिला होता, म्हणून या वेळी जास्प घेतलं. आज त्याला आठ महिने झाले.

जास्प हे ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं संख्याशास्त्रीय विश्लेषणाचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. आतून ते 'आर' या संगणकीय भाषेवर चालतं, पण आपल्याला कोड लिहावा लागत नाही. आपल्या शिक्षणशास्त्रात अजून सगळं एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरभोवती फिरतं. ते १९६८ पासून आहे, आपल्या मार्गदर्शकांच्या पिढीने तेच शिकलंय, आणि ते चांगलंही आहे. पण त्याचा परवाना घरच्या लॅपटॉपवर घेणं मला परवडणारं नव्हतं, आणि मला रात्री अकरानंतरच वेळ मिळतो.

माझा विषय थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुळशी तालुक्यातल्या आठ शाळा, सहावीचे वर्ग, अपूर्णांक. चार शाळांत कृतियुक्त अध्यापन, चार शाळांत नेहमीची पद्धत. प्रत्येक शाळेत साधारण ३० मुलं, म्हणजे एकूण २४०. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि गणिताबद्दलच्या अभिवृत्तीची एक पदनिश्चयन श्रेणी, म्हणजे मुलांना गणिताबद्दल काय वाटतं ते क्रमाने नोंदवणारी प्रश्नावली.

पहिला महिना फक्त फाइल नीट उघडण्यात गेला. मराठी माणसाला इथेच अडायला होतं, म्हणून सविस्तर लिहिते. एक्सेलमधून साधी सीएसव्ही फाइल जतन केली तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडायचा. दुसरं, गुण देवनागरी अंकांत भरू नका. दोन शाळांचे गुण तिथल्या बाईंनी मला मराठी अंकांत टाइप करून पाठवले होते. जास्पने तो रकाना संख्या म्हणून घेतलाच नाही, शब्द म्हणून घेतला. तिसरी गोष्ट माझ्या हातून झाली. गैरहजर मुलांसाठी मी ९९ टाकलं होतं आणि ९९ म्हणजे 'नोंद नाही' हे सॉफ्टवेअरला सांगितलंच नव्हतं. चाचणी २५ गुणांची आणि एका शाळेचं मध्यमान (सरासरी) ३१! ते इतकं अशक्य होतं म्हणून लक्षात आलं. चाचणी १०० गुणांची असती तर ते तसंच प्रबंधात गेलं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून कुठल्याही परीक्षिकेआधी (संख्याशास्त्रीय चाचणीआधी) मी प्रत्येक चलाचं, म्हणजे प्रत्येक रकान्याचं, किमान, कमाल मूल्य आणि वारंवारता आलेख बघते. जास्पमध्ये त्याला मिनिटही लागत नाही.

रकान्याच्या नावाशेजारी एक छोटं चिन्ह असतं. चल नामनिर्देशक (नुसतं नाव) आहे, क्रमनिर्देशक (नुसता क्रम) आहे की मापनाचा (खरी संख्या), ते त्यावरून कळतं. शाळेला क्रमांक दिलेत म्हणून शाळा ही संख्या होत नाही, ते चिन्ह बदलावं लागतं. मापनाचे स्तर बी.एड.ला पाठ केले होते, पण त्यांचा उपयोग मला इथे समजला.

आता खरी आवडलेली गोष्ट. डावीकडे पर्याय, उजवीकडे निकाल, आणि खूण केली की कोष्टक त्याच क्षणी बदलतं. दोन गटांची मध्यमानं ताडून बघणाऱ्या टी-परीक्षिकेत स्टुडंटची, वेल्चची आणि मान-व्हिटनी अशा तिन्ही एकाखाली एक दिसतात. स्टुडंटची टी १९०८ मधली, डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत काम करणाऱ्या गॉसेट यांनी लहान नमुन्यांसाठी काढलेली. तिच्यात दोन्ही गटांची प्रचरणं (गुणांचा विखुरलेपणा) सारखी धरलेली असतात. माझ्या दोन गटांची तशी नव्हती. वेल्चची तसं गृहीत धरत नाही. जास्पमध्ये आधीपासून खूण स्टुडंटवर असते, वेल्चची आपण करायची असते. मी ती आता नेहमीच करते. त्याच चौकटीत परिणामाची तीव्रता दाखवणारा कोहेनचा डी आणि त्याचा विश्वास अंतराल (खरं मूल्य जिथे असावं असा पट्टा) मिळतो. 'सार्थक फरक आढळला' एवढ्यावर थांबणाऱ्या आपल्या प्रबंधांत हीच माहिती नसते, आणि वर्गावरच्या शिक्षकाला तर तीच हवी असते : फरक आहे हे ठीक, पण केवढा?

याच सोयीत एक धोका आहे. खुणा करत गेलं की कुठेतरी पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) सार्थकतेच्या ०.०५ च्या रेषेखाली जातंच, आणि हात तिथे थांबतो. मी दुसऱ्या महिन्यात हे करत होते. मुलगे वेगळे काढून बघ, एक शाळा वगळून बघ, मान-व्हिटनी लावून बघ. जास्प अडवत नाही. शेवटी एका वहीत तारीख घालून लिहून ठेवलं की मुख्य परिकल्पना तीन, त्यांच्यासाठी परीक्षिका या, बाकी सगळं शोधक म्हणून वेगळ्या प्रकरणात. ही वही मॅडमच्या सहीसकट माझ्याकडे आहे.

आणखी एक सवय मोडावी लागली. प्रायोगिक गटात पूर्व-उत्तरचाचणीतला फरक सार्थक, नियंत्रित गटात सार्थक नाही, म्हणून पद्धत परिणामकारक, असं आपल्याकडे सर्रास लिहितात. मीही लिहिलं होतं. पण एक फरक रेषेच्या जरा अलीकडे आणि दुसरा जरा पलीकडे असला, तर त्या दोन फरकांमध्ये फारसं अंतर नसूही शकतं. गटांची तुलना थेटच करावी लागते. पूर्वचाचणीचे गुण सहचल म्हणून घेऊन, म्हणजे मुलांमधला आधीचा फरक हिशेबात धरून, सहप्रचरण विश्लेषण करायचं. जास्पमध्ये ते प्रचरण विश्लेषणाच्याच यादीत आहे.

पण ज्याने माझा प्रबंध बदलला ते पुढे आलं. पाचव्या महिन्यात मॅडमनी सहज विचारलं, "एका वर्गातली ३० मुलं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का गं?" नाहीत. त्यांना एकच बाई शिकवतात, पावसात एकच छत गळतं, एका शाळेत पोषण आहारानंतर गणित असतं, दुसरीत परिपाठानंतर. टी-परीक्षिका मात्र प्रत्येक मूल स्वतंत्र धरून चालते. २४० मुलं, दोन गट, स्वाधीनता मात्रा २३८.

याचा हिशेब कागदावरही होतो. एकूण प्रचरणातला शाळाशाळांमधला वाटा म्हणजे अंतर्वर्ग सहसंबंध. शालेय संपादनाच्या अभ्यासांत तो अनेकदा ०.१० ते ०.२५ च्या दरम्यान सापडतो. ०.१५ धरूया. एका वर्गातल्या मुलांच्या संख्येतून १ वजा करा, त्याला ०.१५ ने गुणा, १ मिळवा : २९ गुणिले ०.१५, अधिक १, म्हणजे ५.३५. आता २४० ला ५.३५ ने भागा. उत्तर येतं जवळपास ४५. माझ्या २४० उत्तरपत्रिकांमध्ये ४५ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती होती. पौड रस्त्याने घातलेल्या सगळ्या खेपा डोळ्यांपुढे आल्या. पूर्वचाचणीचे गुण हिशेबात घेतले की हा तोटा काहीसा भरून निघतो, पण सगळा नाही.

जास्पमध्ये यासाठी मिश्र प्रतिमानांचा विभाग आहे, मुलं शाळाशाळांत विभागलेली आहेत हे धरून हिशेब करणारा. उत्तरचाचणी आश्रयी चल, पद्धत आणि पूर्वचाचणी स्थिर घटक, शाळा यादृच्छिक घटक. स्वाधीनता मात्रा काढायला सॅटरथ्वेट किंवा केनवर्ड-रॉजर ही पद्धत निवडता येते. मी प्रतिमान चालवलं, आणि पद्धतीच्या ओळीत २३८ च्या जागी सहाच्या आसपासची संख्या आली. आठ शाळा, दोन गट, आठातून दोन गेले. पद्धत मी मुलांना नव्हे, शाळांना दिली होती, म्हणून मोजायच्या होत्या त्या शाळा. एम.एड.च्या परीक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पडद्यावर मिळालं. पद्धतीचा परिणाम अजून दिसतो, पण विश्वास अंतराल बराच रुंद झालाय. प्रबंधात तो तसाच रुंद छापला जाईल.

पुण्याच्या वाचकांना बेझियन (पुराव्याचं वजन मोजणाऱ्या) विभागाबद्दल सांगायलाच हवं. जास्प या नावातला 'जे' म्हणजे केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज. त्यांचेच विद्यार्थी वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ मध्ये आपल्या पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाची धुरा घेतली आणि तो उभा केला. हे वाचलं तेव्हा मी जयकर ग्रंथालयात लॅपटॉपवर जास्पच उघडून बसले होते. जेफ्रीज यांचा विचार साधा आहे : दोन परिकल्पनांपैकी हाती आलेले प्रदत्त कुणाच्या बाजूने बोलतात, आणि किती पट? हे बेझ गुणोत्तर तीनपर्यंत असेल तर पुरावा नाममात्र, तीनच्या पुढे मध्यम, दहाच्या पुढे भक्कम. माझ्या अभिवृत्ती श्रेणीत मुलगे आणि मुली यांच्यात फरक आला नाही. पी-मूल्य एवढंच म्हणतं की फरक सिद्ध झाला नाही. बेझ गुणोत्तरावरून फरक नसल्याचा पुरावा आहे, की प्रदत्तच अपुरे आहेत, हे वेगळं सांगता येतं. माझे अपुरे निघाले. इथे पूर्ववितरणाची (फरक केवढा असू शकतो या प्रदत्त बघण्याआधीच्या अंदाजाची) रुंदी आधीच ०.७०७ ठेवलेली असते. ती बदलून निकाल किती हलतो हे दाखवल्याशिवाय हा आकडा छापू नये असं माझं मत आहे.

विश्वसनीयता विभागाबद्दल एकच सांगते. नकारार्थी विधानं उलट गुणांकनाच्या चौकटीत टाकायला विसरू नका, नाहीतर अल्फा (विश्वसनीयतेचा निर्देशांक) पडतो आणि बिचाऱ्या प्रश्नावलीवर दोष येतो.

उणिवा आहेत. कोष्टकांची शीर्षकं मराठीत मिळत नाहीत, मराठी प्रबंधासाठी प्रत्येक कोष्टक वर्डमध्ये नेऊन हातानेच मराठी करावं लागतं. माझ्या प्रबंधाचे असे तीन आठवडे गेले. माझ्या जुन्या चार जीबीच्या लॅपटॉपवर मिश्र प्रतिमान चालताना पंखा घरघरतो आणि चहा करून येईपर्यंत निकाल येत नाही. आणि आवृत्ती बदलली की पर्यायांच्या जागा बदलतात, म्हणून कोणती आवृत्ती वापरली ते प्रबंधात लिहाच. जमेची बाजू अशी की एकाच फाइलमध्ये प्रदत्त, खुणा आणि निकाल तिन्ही राहतात. मॅडमना मी तीच फाइल पाठवते. त्या स्वतः खूण काढून, घालून बघतात आणि मग मला फोन करतात.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की दुसरा टप्पा आहे. या वेळी वीस शाळा आणि प्रत्येकी फक्त बारा मुलं, चिठ्ठ्या टाकून निवडलेली. उत्तरपत्रिका २४०च. ११ गुणिले ०.१५, अधिक १, म्हणजे २.६५. २४० भागिले २.६५ म्हणजे सुमारे ९०, आणि स्वाधीनता मात्रा सहावरून अठराच्या घरात. फिरावं खूप लागणार आहे. वेल्हे आणि भोरकडच्या मुख्याध्यापकांना परवानगीची पत्रं कालच टाकली.