अठरा हजारांचा प्रोजेक्टर आणि मुलुंडमधला अंधार

प्रोजेक्टरचं खूळ डोक्यात दोन वर्षं होतंच, पण निमित्त मिळत नव्हतं. मग २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांवरच्या टीव्ही-मॉनिटरवरचा आणि प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि बायकोला सांगायला एक आकडा हातात आला. ती म्हणाली, "अहो, दहा टक्के वाचावेत म्हणून बाकीचे नव्वद घालवणार का?" मी घालवले. दिवाळीच्या सेलमध्ये १८,४९९ रुपयांना ऑनलाइन घेतला. आता चार महिने रोज नाही तरी आठवड्यातून तीन-चार दिवस वापरून झालाय, म्हणून लिहितोय. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सेलमध्ये हाच पांढरा डबा, हीच जाळी, हाच रिमोट वेगवेगळ्या नावांनी दिसत होता, आणि या भावात जे काही मिळतं ते साधारण याच्यासारखंच असणार आहे.

आधी त्या ल्युमेनचं, म्हणजे प्रोजेक्टर किती उजेड फेकतो त्या मापाचं, प्रकरण. बॉक्सवर केवढ्या तरी मोठ्या अक्षरात १५,००० ल्युमेन्स लिहिलंय. आतल्या मॅन्युअलमध्ये, चष्मा लावून वाचावं लागेल अशा अक्षरात, ४०० अ‍ॅन्सी ल्युमेन्स. खरा आकडा हाच. अ‍ॅन्सी म्हणजे पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा आणि सरासरी काढायची, ठरलेली पद्धत आहे. बाकी नुसते 'ल्युमेन्स' म्हणजे ज्याला जे वाटेल ते. भाजीवाला नाही का म्हणत, साहेब किलोला दीड किलो भरतंय, तसंच.

पण ४०० म्हणजे कमी का? इथे मला खरंच आश्चर्य वाटलं. १०० इंची चित्र म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद, सव्वाशे सेंटिमीटरला थोडं कमी उंच, म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. ४०० ल्युमेन त्यावर पसरले की पडद्यावरून आपल्या डोळ्यांकडे येणारा उजेड ४६ निट्सच्या आसपास निघतो. आणि थिएटरमध्ये पडद्यावर किती असावा याचं स्टँडर्ड आहे ४८ निट्स. म्हणजे हिशोबाने माझ्या हॉलमध्ये जवळजवळ थिएटर आहे! फक्त एकच गोष्ट, थिएटरमध्ये काळोख असतो. घरच्या साध्या टीव्हीचा उजेड २००-३०० निट्स असतो तो यासाठीच, की ट्यूबलाइट चालू असतानाही दिसला पाहिजे.

आणि काळोख मुंबईत कुठे मिळतो सांगा. लॅमिंग्टन रोडला पडदा घ्यायला गेलो होतो, तिथल्या काउंटरवरच्या काकांनी पडद्याचं माप विचारायच्या आधी विचारलं, "हॉलमध्ये पूर्ण अंधार होतो का साहेब?" मी म्हटलं होतो की, लाइट बंद केल्यावर. ते हसले फक्त. तेव्हा मला वाटलं याला महागातला प्रोजेक्टर खपवायचाय.

घरी येऊन लाइट बंद केला तेव्हा कळलं ते का हसले. आम्ही मुलुंड ईस्टला तिसऱ्या मजल्यावर, भाड्याचा वन बीएचके, हॉल दहा बाय पंधरा. खिडकीसमोर रस्त्याचा एलईडी दिवा, बरोबर तिसऱ्या मजल्याच्या उंचीला थोडा खाली, पांढराशुभ्र. त्याच्यामागे नवीन टॉवर, ज्याच्या कपाळावर रात्रभर निळी पट्टी जळते. राउटरचे दिवे, इन्व्हर्टरचा हिरवा दिवा, देवघरातला लाल झिरोचा बल्ब. इतकी वर्षं यातला एकही दिवा मला कधी दिसला नव्हता. त्यात दिवाळी, बाल्कनीत कंदील, आणि आईचं म्हणणं की तुळशीचं लग्न होईपर्यंत कंदील विझवायचा नाही. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही ही साधी गोष्ट आहे, जिथे काळं दाखवायचं तिथे तो उजेड कमी करतो बस्स, मग तिथे आपली भिंत जशी असेल तसं काळं. आमच्याकडे काळं म्हणजे रस्त्याच्या दिव्याचं राखाडी. रात्रीचा सीन असला की नुसते आवाज ऐकायचे.

मग खिडकीला ब्लॅकआउट पडदे आले. ३,८०० रुपये. त्यांच्या कडेने उजेड झिरपतो म्हणून पडद्याच्या कडा भिंतीला वेल्क्रोने चिकटवल्या. त्यानंतर जे चित्र दिसलं, ते बघून बायकोसुद्धा दोन मिनिटं गप्प बसली.

जागेचं गणित आधी करून ठेवा, मी केलं नव्हतं. या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.२५ आहे, म्हणजे चित्र जितकं रुंद हवं त्याच्या सव्वापट लांबून टाकायचं. १०० इंचाला पावणेतीन मीटर, म्हणजे लेन्सपासून नऊ फूट. पंधरा फुटांच्या हॉलमध्ये नऊ फूट आरामात बसतं असं वाटलं होतं. पहिल्या दिवशी उंच म्हणून कपाटाच्या डोक्यावर ठेवला, तर अर्धं चित्र सिलिंगवर. हे असले प्रोजेक्टर सरळ ठेवले की उजेड वरच्या बाजूला फेकतात, चित्राची खालची कड साधारण लेन्सच्या लेव्हलला येते. त्यामुळे उंचावर ठेवायचा तर उलटा टांगावा लागतो. आणि कपाटावरून जे काही पडद्यावर जात होतं ते पण सिलिंग फॅनच्या पात्यांमधून चिरत जात होतं, सगळा सिनेमा लुकलुक लुकलुक. ऑक्टोबर महिना, फॅन बंद करायची सोय नाही. सिलिंगला ब्रॅकेट मारायचं तर घरमालक कॅलेंडरसाठी खिळा मारला तरी डिपॉझिट आठवून देतो. शेवटी टीपॉयवर ठेवला, सोफ्याच्या पुढे. चित्र अगदी बरोबर बसलं. आता कोणी पाणी प्यायला उठलं की त्याची सावली सगळ्यांना बघावी लागते, आणि आमच्याकडे माणसं पाणी फार पितात.

ऑटो कीस्टोन म्हणून एक गोष्ट जाहिरातीत खूप वाजवतात. तिरका ठेवला तरी चित्र चौकोनी करून देतो. देतो, खोटं नाही, आणि तीन-चार सेकंदात देतो. पण कसं करतो ते बघा, आतल्या एलसीडी पॅनलवरच चित्र मोडून लहान करतो, म्हणजे १९२० बाय १०८० मधले कडेचे पिक्सेल वाया गेले आणि त्या वाया गेलेल्या पट्टीतूनही उजेड थोडा गळतोच, त्यामुळे चित्राभोवती एक फिकट राखाडी फ्रेम दिसते. सरळ समोर ठेवून कीस्टोन बंद केल्यावर अक्षरं एकदम स्वच्छ झाली. मधली. कोपऱ्यातली अजून किंचित लोण्यासारखी आहेत, फोकस मधोमध लावला की कडा जातात. क्रिकेटचा स्कोअर नेमका खालच्या बाजूला असतो, तो वाचता येतो पण 'वाचता येतो' एवढंच.

आणि '४के सपोर्ट' वर जाऊ नका. सपोर्ट म्हणजे ४के सिग्नल, १०८० च्या चौपट पिक्सेलचा, आत घेतो, दाखवतो १०८० च. माझी तक्रार नाही, आठ-नऊ फुटांवरून १०८० मला पुरतं. फक्त पॅनलचं नेटिव्ह, म्हणजे स्वतःचं, रिझोल्यूशन १०८० आहे ना एवढं बघून घ्या, कारण याच भावात ७२० पॅनलवाले सुद्धा '४के' लिहून बसलेत.

पडद्याचं सांगतो. सुरुवातीला भिंतीवरच बघत होतो. भिंत आयव्हरी रंगाची, त्यामुळे सगळ्यांना थोडी कावीळ, आणि वरती उजवीकडे मागच्या पावसाळ्यातल्या ओलीचा एक डाग आहे तो कायम कोणाच्या ना कोणाच्या डोक्यावर. मग पांढरी चादर लावली. आई म्हणाली, चादर नको, उजेड पलीकडे जातो. आईचं माहेर लालबागचं. तिच्या लहानपणी गणपतीत गल्लीत आडवा कपडा बांधून सिनेमा दाखवायचे, प्रोजेक्टरच्या बाजूला जागा मिळाली नाही की पोरं कपड्याच्या मागे जाऊन बसायची, आणि तिथूनही दिसायचं, फक्त सगळं उलटं. ती म्हणते कित्येक सिनेमे तिने उलटेच बघितलेत, हिरो तलवार डाव्या हाताने चालवायचा आणि दुकानांच्या पाट्या वाचता यायच्या नाहीत. मी चादरीच्या मागे जाऊन बघितलं तर खरंच, अख्खं चित्र मागे. म्हणजे आधीच ४०० ल्युमेन, त्यातले थोडे चादरीपलीकडे. म्हणून लॅमिंग्टन रोड. ट्रायपॉडवाला मॅट व्हाइट पडदा, ३,४०० रुपये, मागे काळं अस्तर. नळी सव्वासात फुटांच्या वर. ग्रँट रोडहून दादर, दादरला पूल चढून सेंट्रलला, रविवार म्हणजे मेगाब्लॉक, शेवटी मालडब्यात शिरलो आणि मुलुंडपर्यंत एका मावशींच्या टोपलीवर ती नळी टेकू नये म्हणून भालदारासारखा उभा. त्या म्हणाल्या, "तंबू ठोकतोस का रे बाबा?"

आवाजाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आतला स्पीकर ५ वॉटचा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि प्रोजेक्टरचा स्वतःचा फॅन शांत सीनमध्ये ऐकू येतो. ब्लूटूथने स्पीकर लावला तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. जुना होम थिएटरचा सेट माळ्यावर होता, तो साध्या ३.५ एमएम वायरने जोडला, प्रश्न मिटला.

अ‍ॅप्सचा मात्र ताप आहे. आत अँड्रॉइड आहे म्हणतात, पण मोठ्या ओटीटी अ‍ॅप्सना एचडी दाखवायला त्या यंत्राचं सर्टिफिकेशन लागतं, वाइडवाइन एल१ वगैरे, ते नसेल तर चित्र बहुतेक ४८० वर अडकतं. १०० इंचावर ४८० म्हणजे पोहे मोजून घ्या. मी वेगळी स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला लावली. तिला पॉवर प्रोजेक्टरच्या यूएसबीमधून दिली तर अर्ध्या तासाने 'पॉवर कमी पडतेय' म्हणून बंद, तिचाच अ‍ॅडॉप्टर वापरायचा.

आणि हा दुसरा पीस आहे बरं का. पहिल्यात आठव्या दिवशी चित्राच्या मध्यावर एक काळा ठिपका आला, आत धूळ गेली होती. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं ब्लोअर मारा. मी म्हटलं लेन्स सीलबंद आहे असं तुमच्याच बॉक्सवर लिहिलंय, मारू कुठे? तीन फोन, दोन व्हिडीओ, मग बदलून दिला, दहा दिवस गेले. रिटर्नची मुदत असेपर्यंत खोका फेकू नका एवढंच सांगतो, आमचा खोका भंगारवाल्याच्या हातगाडीवरून मी परत आणलाय.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. २ नोव्हेंबरची वर्ल्ड कप फायनल, आपल्या मुली विरुद्ध साउथ आफ्रिका, खाडीपलीकडे नेरूळला डी. वाय. पाटीलवर. तिकीट मिळालं नाही. मॅच दुपारी तीनची, म्हणजे माझ्या प्रोजेक्टरला काहीच काम नाही, मी टीव्ही शेजाऱ्यांकडून आणायच्या बेतात. पण पाऊस आला आणि मॅच पाचला सुरू झाली. पहिला तास फिकट फिकट, स्मृती आणि शफाली धुक्यात खेळल्यासारख्या, शेजारचे काका दर ओव्हरला "टीव्ही आणू का?" आणि सहानंतर जसजसं बाहेर मावळलं तसतसं चित्र भरत गेलं. शफालीच्या ८७ मधले नंतरचे फटके सगळ्यांनी नीट बघितले. जोरात मारलेला बॉल थोडा रेष ओढत जातो, हा एलसीडीचा दोष, टीव्हीवर एवढा जाणवत नाही. पण अमनजोतच्या हातातून त्यांच्या कॅप्टन वोल्वार्टचा कॅच एकदा सुटला, दोनदा सुटला आणि तिसऱ्यांदा बसला तेव्हा ती पडद्यावर आमच्या मुलीपेक्षा उंच होती. त्या दहा बाय पंधरात सतरा माणसं होती. बारा वाजत आले होते, ५२ रन्सनी जिंकलो, खालचा वॉचमन वर येऊन ओरडायचं सोडून आमच्यात उभा राहून बघत होता. कंदील त्या रात्री आईने स्वतः विझवला होता, मी बोललो नव्हतो.

हिशोब मांडला तर प्रोजेक्टर, पडदा, पडदे, स्टिक, वायरी मिळून तीस हजारांच्या जरा अलीकडे. एवढ्यात ४३ इंची ४के टीव्ही येतो आणि वर पैसे उरतात, आणि तो दुपारी दिसतो. आजी-आजोबा दिवसभर मालिका बघणारे असतील, किंवा हॉलमध्ये पोरांचा अभ्यास चालत असेल तर टीव्हीच घ्या. १०० इंची चित्राचं क्षेत्रफळ ४३ इंचीच्या जवळजवळ साडेपाच पट भरतं, ते हवं असेल आणि बघणं रात्रीचंच असेल, तर हा बरा आहे. बॉक्सवर दिव्याचं आयुष्य २०,००० तास लिहिलंय, रोज तीन तास लावला तर अठरा वर्षं, त्याच्या कितीतरी आधी त्याचा फॅन किंवा रिमोट जाणार. पावसाळा याने अजून बघितलेला नाही, मी सिलिका जेलच्या पुड्या जमवायला लागलोय.

एक पाल आहे. प्रोजेक्टर लागला की उजेडाला किडे येतात आणि किड्यांना ती. एकदा ती नायिकेच्या गालावरून चालत गेली, मुलगी दोन दिवस हॉलमध्ये आली नाही.

मार्चमध्ये अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपतंय, तर मागच्या रविवारी भांडुपला एक फ्लॅट बघायला गेलो. बायको पाणी किती वाजता येतं ते विचारत होती, मी खिडकीतून बाहेर बघत होतो. ब्रोकर मागून आला, "एकदम ओपन व्ह्यू साहेब, समोर काहीच नाही, दिवसभर उजेड."

मी बायकोला म्हटलं, दुसरा बघू.