बोर्डिंगला ठेवलेला कुत्रा खरंच तिथे आहे का, आधी बघून या

रेस्क्यू करणारे, फोस्टर (तात्पुरतं सांभाळणारं घर) शोधत फिरणारे, महिन्याच्या महिन्याला बोर्डिंगचे, म्हणजे जनावर दुसऱ्याकडे सांभाळायला ठेवण्याचे, पैसे भरणारे, सगळ्यांसाठी लिहितेय. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा. या फसवणुकीत कोणी ओटीपी मागत नाही की लिंकवर क्लिक करायला सांगत नाही. समोरचा तुमच्या डोक्यावरचं ओझं उचलतो, तुम्ही त्याला हात जोडता आणि मग कित्येक महिने आपणहून पैसे पाठवत राहता.

भुरी म्हणजे साधी तपकिरी रस्त्यावरची कुत्री, पण कधीतरी कोणाच्या तरी घरी होती हे नक्की, कारण गळ्यात नायलॉनचा पट्टा होता. पिल्लू असताना बांधलेला, नंतर सैल करायचे कष्ट कोणी घेतले नाहीत, ती वाढत गेली आणि पट्टा कातडीत रुतत गेला. जवळ गेलं की वास यायचा, आत अळ्या पडलेल्या. (ज्याने बांधला त्याच्याबद्दल काय लिहू, जाऊ दे.) डॉक्टरांनी भूल देऊन पट्टा कापून काढला. जखम भरायला बराच वेळ गेला, ती भरल्यावर नसबंदी केली, त्यासाठी उजव्या कुशीवरचे केस चौकोनात काढले आणि नसबंदी झालीय हे लांबून कळावं म्हणून डाव्या कानाला खाच मारली. हा चौकोन आणि ही खाच लक्षात ठेवा.

माझ्या घरात आधीच एक म्हातारा बोका आहे आणि भुरी मांजर दिसलं की सुटायची, त्यामुळे तिला घरात ठेवणं शक्य नव्हतं. अडॉप्शनच्या पोस्ट टाकल्या तर सगळ्यांना पिल्लू हवं, मोठी कुत्री आणि वर गळ्याभोवती व्रण म्हटल्यावर कोण विचारतंय. अशा वेळी एका ग्रुपमधून एकाचा नंबर मिळाला. जखमी आणि सोडून दिलेली जनावरं ठेवून घेतो, दर महिन्याला खाण्याचा आणि औषधाचा खर्च द्यायचा, घर मिळालं की पाठवतो, नाही मिळालं तर आयुष्यभर सांभाळतो.

माणूस तयार होता हे मान्य करावं लागेल. फोनवर पहिला प्रश्न पैशांचा नाही, तर जंताचं औषध कधी दिलं, गोचीड ताप होऊन गेलाय का, बाकीच्या कुत्र्यांवर धावते का. न्यायला आला तेव्हा लगेच हात न लावता खाली बसून राहिला, ती स्वतःहून जवळ येईपर्यंत. "ताई, तुम्ही एवढं केलंत, आता पुढचं आमच्यावर सोडा." हे वाक्य नंतर मला अजून दोघांच्या तोंडून शब्दन् शब्द ऐकायला मिळालं, त्यांनाही असंच म्हणाला होता.

सुरुवातीला भेटायला येऊ नका म्हणाला, नवीन जागेत रुळू दे, तुम्हाला बघून परत बेचैन होईल. हे पटण्यासारखं आहे आणि चांगली शेल्टरवालीसुद्धा असं सांगतात. मग म्हणाला पार्वो (कुत्र्यांचा साथीचा रोग) आलाय, बाहेरच्यांना बंदी. हेही अर्धं खरं, पार्वोचा व्हायरस जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, चपलेतून जातो, साध्या सॅनिटायझरने मरत नाही, त्याला ब्लीच लागतं, त्यामुळे अशी साथ असताना जबाबदार माणूस कोणालाही आत घेणार नाही. पण लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत फार तर दोन आठवडे जातात आणि धोका मुख्यतः लस पूर्ण न झालेल्या पिल्लांना. याच्याकडे ही बंदी संपतच नव्हती. मी म्हटलं मी आत येत नाही, गेटबाहेर उभी राहते, तुम्ही तिला लांबून दाखवा, तर तेही नाही. व्हिडिओ कॉल म्हटलं की नेटवर्क नाही, मात्र दहा मिनिटांनी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ व्यवस्थित यायचा.

मग बिलं वाढायला लागली. भुरीला गोचीड ताप झाला, प्लेटलेट उतरल्या, रक्त चढवावं लागेल, लगेच पाठवा. त्या तापात प्लेटलेट खरंच घसरतात म्हणून पैसे गेले, आणि रिपोर्ट मागितला तर त्यानेही लगेच फोटो पाठवला, वरची नाव-तारखेची पट्टी कापलेला. तो मी भुरीच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे प्लेटलेटचा आकडा शेजारीच छापलेल्या नॉर्मल रेंजमध्ये आरामात बसत होता. आणि दुसरी म्हणजे प्राण्याचा प्रकार लिहायच्या जागी 'फेलाइन' छापलेलं होतं. मांजराचा रिपोर्ट! त्याला विचारलं तर लॅबवाल्याची टायपिंग मिस्टेक.

तेव्हा मी घरी येऊन सगळे जुने व्हिडिओ एकामागोमाग एक लावले. मला वाटतं या प्रकारात सगळ्यात उपयोगी पुरावा हाच आहे. छोट्या केसांच्या कुत्र्याचे ऑपरेशनसाठी काढलेले केस दोन-तीन आठवड्यांत खुंटांसारखे दिसायला लागतात आणि साधारण तीन-चार महिन्यांत भरून येतात. भुरीच्या प्रत्येक व्हिडिओत, "आजचाच आहे ताई" म्हणून आलेल्या प्रत्येक व्हिडिओत, कुशीवरचा चौकोन तसाच गुळगुळीत होता. पावसाळा गेला, थंडी आली, चौकोन काही भरला नाही. म्हणजे सगळं शूटिंग पहिल्या काही दिवसांतलंच, वेगवेगळ्या कोपऱ्यात उभी करून काढलेलं आणि महिनोन्महिने पुरवून पुरवून पाठवलेलं.

त्यानंतर एका मैत्रिणीने मदतीचं आवाहन पाठवलं, गाडीखाली आलेली कुत्री, पायाचं ऑपरेशन, तातडीने मदत हवी, सोबत क्यूआर कोड. फोटोतल्या कुत्रीच्या उजव्या कानाला खाच, डाव्या कुशीवर चौकोन. क्षणभर वाटलं दुसरीच आहे, पण गळ्याचा व्रण ओळखीचा. फोटो उलटा करून पाहिला तर भुरी. आरशात दिसतो तसा उलटवून टाकला होता, म्हणजे पटकन ओळखू नये आणि फोटो टाकून सर्च केलं तरी सहजी सापडू नये. पायाला बँडेज होतं ते नुसतं गुंडाळलेलं, आणि ज्या पायाचं हाड मोडलंय म्हणत होते त्याच पायावर ती बिनधास्त उभी.

न सांगता गेले, सोबत दोघांना घेऊन, तुम्हीही कधी एकटे जाऊ नका. निळ्या पत्र्याचा दरवाजा, खालचा कोपरा वाकलेला आणि दोरीने बांधलेला, आत मोजकी कुत्री आखूड साखळीला. पाण्याचं भांडं होतं पण साखळी तिथवर पोचत नव्हती. भुरी नव्हती. आधी म्हणाला अडॉप्ट झाली, कोणाकडे विचारलं तर म्हणाला पळून गेली, आणि चिपवरून लोकेशन काढतो, थोडा वेळ द्या. ही शुद्ध थाप आहे. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते, जवळ स्कॅनर धरला तर नुसता पंधरा आकडी नंबर येतो, बस. जनावर कुठे आहे हे ती सांगत नाही. आणि भुरीला चिप बसवलेलीच नव्हती.

सगळं एका ग्रुपवर लिहिल्यावर बाकीचे बोलायला लागले. एका काकांना त्यांची कुत्री म्हणून भुरीचाच व्हिडिओ गेला होता, फक्त गळ्याला रुमाल बांधून. एकाच कुत्रीवर किती जणांचा महिना चालू होता देव जाणे. तक्रार दिलीय, स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याच्या नोंदी, रिपोर्टचा फोटो सगळं जोडून. पैसे आलेले नाहीत आणि भुरीही सापडलेली नाही, तिला कुठेतरी लांब नेऊन सोडलं असावं असा माझा अंदाज.

एक सांगते, गचाळ जागा दिसली म्हणजे तो चोरच असं समजू नका. काही लोक खरंच जीव लावून जनावरं गोळा करत सुटतात आणि मग झेपत नाही, हा एक मानसिक आजार आहे, 2013 च्या डीएसएम-5 मध्ये (मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात ते पुस्तक) त्याचा उल्लेख आहे. तिथेही जनावरांचे हालच होतात, त्यामुळे तिथेही ठेवू नका, पण त्यांना हाताळायची पद्धत वेगळी. हा मात्र हिशोबात पक्का होता.

कोणाकडे जनावर सोपवणार असाल तर सोडायला स्वतः जा, त्याला न्यायला बोलावू नका, जागा तिथेच बघून होते. बिल आलं की पैसे त्याच्याकडे न पाठवता थेट दवाखान्यात भरतो म्हणा, खरं रेस्क्यू करणारा याला सहसा नाही म्हणत नाही, कारण त्याचीच उधारी कमी होते. लसीच्या कार्डावर बाटलीवरचा स्टिकर चिकटवलेला असतो, बॅच नंबर आणि मुदत असलेला, नुसती पेनाने लिहिलेली तारीख चालवून घेऊ नका. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर कधी काढला ती माहिती उडून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि भेटू देत नसेल तर त्या महिन्यापासून पैसे बंद, मग तो कितीही चिडो, "तुम्हाला माणुसकी नाही" म्हणो. मला म्हणाला होता.

त्याचं जुनं अकाउंट बंद झालंय, नंबरही लागत नाही. पण परवा एका नवीन नावाच्या पेजवर मांजरीच्या पिल्लांसाठी मदत मागितलेली दिसली आणि मागे तोच निळा पत्रा, तोच वाकलेला कोपरा. कोणाकडे असा फोटो आला असेल तर पैसे पाठवायच्या आधी मला मेसेज करा, त्या दारासमोर काढलेले बाकीचे फोटो माझ्याकडे आहेत, ताडून बघता येतील.