परसात बांधलेली बोट, ताशी 511 किलोमीटर

लेकीकडं सिडनीला येऊन तीन आठवडे झाले होते आणि समुद्र बघून डोळे दमले होते. त्यात पुन्हा समुद्राचंच म्युझियम म्हटल्यावर मी कुरकुर केली. पण ती म्हणाली, "बाबा, तिथं एक लाकडाची बोट आहे. ती तुम्ही बघायलाच पाहिजे." लाकूड म्हटलं की मी निघतो. छत्तीस वर्षं कोल्हापुरात फाउंड्र्यांसाठी पॅटर्न केलेत. पंपाची केसिंग, गिअरबॉक्सची झाकणं, जे पुढं लोखंडात ओतायचं ते आधी आम्ही लाकडात घडवायचं.

टाउन हॉल स्टेशनवरून चालत जाता येतं. वाटेत पिरमाँट पूल लागतो. 1902 सालचा हा पूल जहाजांना वाट देण्यासाठी मधोमध विजेवर फिरतो. तो ओलांडला की उजव्या हाताला ऑस्ट्रेलियन नॅशनल मेरिटाइम म्युझियम. तिकिटं लेकीनं काढली आणि किंमत सांगितली नाही, म्हणून तेवढं लिहीत नाही.

बोटीचं नाव स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया. पाण्यावरच्या वेगाचा जागतिक विक्रम हिच्या नावावर आहे. ती वर टांगलेली आहे, म्हणजे मान दुखेस्तोवर वर बघायचं. पण मला विचाराल तर टांगली हेच बरं केलं. जमिनीवर ठेवली असती तर लोकांनी कॉकपिट बघून फोटो काढला असता आणि गेले असते. असल्या बोटीची सगळी अक्कल तिच्या पोटाला असते, आणि इथं पोट बघायला मिळतं. पुढं दोन बाजूंना दोन तरंडे, मागं एक टेकायची जागा. वेग धरला की बोट पाण्यात राहतच नाही, या तीन ठिकाणी तेवढी पाण्याला शिवत पळते. पाण्यात पंखा नाही. मागं जेट इंजिनाचा झोत, बस्स. शेपटीवर उंच, आडवा पंख बसवलाय. मी आधी त्याला शोभेचा समजलो. शोभेचा कसला, जीव त्याच्यावर आहे. नाक जरा वर उचललं की खालून वारा शिरतो, वारा शिरला की नाक आणखी उचलतं, आणि बोट मागं पलटी मारते. इंग्लंडात कोनिस्टन तलावावर 4 जानेवारी 1967 ला वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड ही बोट अशीच उडाली आणि तो तिथंच गेला. लहानपणापासून त्या कॅम्पबेलला देव मानणाऱ्या पोरानं पुढं ही बोट बांधली.

केन वॉर्बी त्याचं नाव. अवजारं विकणाऱ्या कंपनीत सेल्समन होता. बोटीचा आराखडा स्वतःचा, आणि बांधकाम सिडनीतल्या घराच्या परसात. शेड नाही. पाऊस आला की ताडपत्री टाकायची आणि उघडायची वाट बघत बसायचं. स्प्रूस आणि ओरेगॉन ही लाकडं, प्लायवूड आणि वरून फायबरग्लास. इंजिन हवाई दलाच्या भंगाराच्या लिलावात घेतलेलं, वेस्टिंगहाऊसचं जे-34, किंमत 65 डॉलर. पैसे संपले की तेलरंगातली चित्रं काढायचा, ती विकायचा, परत बोटीला लागायचा.

हे लेक वाचून दाखवत होती, तेवढ्यात आमची मंडळी म्हणाली, "आणि धुणं कुठं वाळत घालत असतील हो?"

मी हसलो, पण प्रश्न अगदी बरोबर होता. मी एकदा घरी एका मोठ्या इम्पेलरचा पॅटर्न आणला होता, दोन महिने पडवी अडवून बसलो होतो, त्याची आठवण तिनं मला आजवर किती वेळा करून दिली असेल! इथं तर वर्षानुवर्षं परसात आठ मीटरचं धूड. विक्रमाच्या गोष्टी सांगताना लोक इंजिन सांगतात, वेग सांगतात, परस कुणाचं होतं ते कुणी सांगत नाही.

लाकूडकामाबद्दल दोन शब्द. आमच्या धंद्यात पॅटर्न अर्धा मिलिमीटर चुकला तर मशीनशॉपवाला शिव्या घालतो, आपण पॅच मारतो, विषय संपतो. या बोटीला पॅच मारायला दुसऱ्या दिवशी माणूस जिवंत पाहिजे ना! खालून बघताना मी दोन्ही तरंड्यांच्या कडा डोळ्यांनी किती वेळा जुळवून बघितल्या. कारखान्यात सीएनसीवर असलं कुणीही काढेल. ताडपत्रीखाली, उघड्यावर, लाकूड फुगतंय-आकसतंय अशा हवेत दोन बाजू सारख्या आणणं म्हणजे काय ते ज्यानं रंधा मारलाय त्याला कळेल. अर्थात तो नुसत्या नजरेवर विसंबला नव्हता. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले प्राध्यापक टॉम फिंक यांनी त्याला मदत केली. हे फिंक पूर्वी कॅम्पबेलच्या ब्लूबर्डवरही काम केलेले. परसातला माणूस म्हणून अडाणी समजू नका.

8 ऑक्टोबर 1978 ला टुमुट गावाजवळच्या ब्लोअरिंग धरणाच्या पाण्यावर त्यानं ताशी 511.11 किलोमीटर गाठले. एका दिशेनं पळवून भागत नाही. जायचं, वळायचं, त्याच अंतरात उलट यायचं, मग दोन्हींची सरासरी धरतात. त्यानंतर हा आकडा मोडायला ली टेलर निघाला, 1980 साली अमेरिकेतल्या टाहो तलावावर त्याचा जीव गेला. क्रेग आरफन्सचा 1989 साली फ्लोरिडात तसाच गेला. आकडा तिथंच आहे. वॉर्बी मात्र म्हातारा होऊन, 2023 साली, 83 वर्षांचा होऊन वारला. मला विक्रमापेक्षा हेच जास्त मोठं वाटतं, आणि त्याचं श्रेय मी त्या शेपटीवरच्या पंखाला देतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. या बोटीखाली उभं असताना लेकीनं सांगितलं की त्याच्या पोरानं, डेव्हनं, दुसरी बोट बांधलीय. स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया दोन. बाप जिवंत असताना दोघांनी मिळून सुरू केलेली. इंजिन फियाट जी-91 विमानातलं ऑर्फियस, चाचण्या त्याच ब्लोअरिंग धरणावर. मोडायचा विक्रम कुणाचा, तर बापाचा, आणि तोही बापाला हाताशी धरून!

कॅम्पबेलांचं घराणंही असंच, पण एक फरक आहे. डोनाल्डला वडिलांची जुनी बोट मिळाली आणि वडिलांचा मिस्त्री लिओ व्हिलाही मिळाला. तयार दुकान हातात आल्यासारखं. इथं पोराच्या वाट्याला बोट आलीच नाही, ती देशाची झाली आणि छताला लागली. मिळालं काय, तर कुठं किती कोन ठेवायचा, कुठं हात आखडायचा, आज पाणी बरोबर नाही म्हणून परत घरी कधी जायचं, हे. माझ्या वडिलांनीही मला पहिले सहा महिने नुसती पटाशी घासायला लावली होती. तेव्हा राग यायचा.

एक मात्र खटकलं. मोडला तर मोडू दे, पण पोरानं त्या वेगात बसावं असं मला बाप म्हणून वाटलं असतं का? मी पाच मिनिटं विचार केला. उत्तर नाही असंच येतं. आमच्या लेकीनं रंधा न धरता कॉम्प्युटर धरला, तेव्हा मी वरवर नाराज होतो आणि आतून सुटल्यासारखं वाटलं होतं. आमच्या धंद्यात तर फार तर बोट जातं. पाण्यावरची बोट नव्हे, हाताचं.

बाहेर धक्क्याला व्हॅम्पायर ही विनाशिका आणि ऑन्स्लो ही पाणबुडी उभी आहे. पाणबुडीत जायचं तर शिडीवरून उतरायचं आणि गोल दारातून वाकून पाय टाकायचा. गुडघे दुखत असतील तर आधी विचार करा. मी गेलो, येताना दोघांनी ओढलं. पोरांना हे सगळं बोटीपेक्षा जास्त आवडेल. आवडू दे. तुम्ही सकाळी गर्दी कमी असताना आधी बोटीखाली उभे राहा, आणि पुढून नको, मागून पुढं बघत या. दोन्ही तरंडे एका नजरेत येतात.

परतताना पुलावर मंडळींनी विचारलं, ते धरण कुठं आलं. लेकीनं फोनवर बघितलं, गाडीनं चारशे किलोमीटरच्या वर. "मग डबा घ्यायला लागेल," मंडळी म्हणाली.