समृद्धी महामार्गावर अठरा हजार किलोमीटर: नऊ महिन्यांनंतर गाडीची तब्येत

घर नागपुरात, नोकरी संभाजीनगरात. पंधरा दिवसांतून एक फेरी, एका बाजूचं अंतर सव्वाचारशेच्या वर. गाडी १.२ लिटर पेट्रोल, मॅन्युअल. "नवी गाडी सारखी १२० ने पळवशील तर इंजिन बसेल," असं सासऱ्यांपासून पार्किंगवाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं.

इंजिनाला काही झालेलं नाही. पहिले हजार किलोमीटर मात्र मी समृद्धीवर गेलोच नाही. शहरात आणि वर्धा-अमरावतीकडे फिरवली. पिस्टन रिंगा सिलिंडरमध्ये नीट बसायला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) कमी-जास्त होत राहावा लागतो, तासन्‌तास एकाच वेगाने नाही जमत. आता दर हजाराला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघतो. ऑइल जेमतेम हललंय.

खरा मार टायरांना. मे महिन्यात निघताना हवा ३३ होती, जालन्याच्या अलीकडे थांबून मोजली तर ३९! खालचं काँक्रीट तव्यासारखं. तिथला पंक्चरवाला म्हणाला, "भाऊ, थोडी काढून देतो." मी नको म्हटलं. गरम टायरची हवा काढली की थंड झाल्यावर ती कमी भरते, टायरची बाजू जास्त दबते आणि पुढच्या फेरीला आणखी तापते. टायर फुटण्याची तयारी आपणच करायची म्हणजे! हवा तपासायची ती घरून निघायच्या आधी, थंड टायरमध्येच.

सहाव्या महिन्यात ९५ च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. सर्व्हिस सेंटरने अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) करून पैसे घेतले, थरथर तशीच. शेवटी घराजवळच्या टायरवाल्याने रिमच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं: डिंकाचा काळा चौकोन होता, चाकाचा तोल राखायला तिथे चिकटवलेलं वजन गायब. बॅलन्सिंग केलं, विषय संपला.

अ‍ॅव्हरेज १०० वर साडेसतरा, १२० वर चौदा. म्हणजे एका बाजूला पाऊण तास वाचवायला सहा लिटर पेट्रोल जास्त. टोल वेगळाच. हिशेब मांडल्यापासून क्रूझ कंट्रोल १०० वर लावतो. तासाभराने डोळे जड होतात, पण ते १२० वरही व्हायचे. सरळसोट रस्त्याचा दोष. दर दीड तासाला उतरतो, चहा असो-नसो.

बोनेटवर खड्यांचे सात टवके आहेत, काचेवर एक. किड्यांनी मात्र पावसाळ्यात छळ मांडला. रात्री वायपर मारला की अख्खी काच पांढरी. आता डिकीत पाण्याची बाटली आणि जुनी बनियन कायम असते.